स्टोरीबोर्डर: दीड मिनिटाच्या विज्ञान-ॲनिमेशनच्या आखणीला हे फुकटचं सॉफ्टवेअर कितपत पुरतं?

वंडर युनिटचं स्टोरीबोर्डर, म्हणजे फिल्म चित्रचौकटींत आखायचं सॉफ्टवेअर, मुळात सिनेमावाल्यांसाठी बनलेलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, पैसे पडत नाहीत, सोर्स कोड खुला आहे. इथे ते पारखलं आहे जरा वेगळ्या कामासाठी: विज्ञानाची माहिती वाटून घेणारं एखादं जाळं सामान्य माणसाला समजावणाऱ्या साठ ते नव्वद सेकंदांच्या ॲनिमेशनच्या आखणीसाठी. निकाल आधीच सांगून टाकतो. वेळेचा हिशेब बसवायला आणि चुकलेला बाण पटकन खोडायला हे उत्तम आहे. चित्रात मराठी मजकूर घालायचा म्हटलं की मात्र हात आखडतात, आणि त्यावर तोड काढूनच काम करावं लागतं.

उदाहरणाला जीबिफ घेतलं आहे, म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. 2001 मध्ये सुरू झालेलं हे जाळं. सचिवालय कोपनहेगनला, पैसा सदस्य देशांच्या सरकारांचा. संग्रहालयं, विद्यापीठं, ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्टसारखे लोकसहभागाचे प्रकल्प, आपल्याकडचं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, असे सगळे आपापल्या नोंदी इथून खुल्या करतात. अमुक जीव, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अशा नोंदींची संख्या 300 कोटींच्या पुढे गेली आहे. हा आकडा निवेदनात बोलून टाकू नका. तो वाढतच जातो आणि एका आकड्यासाठी आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. पडद्यावर वेगळ्या बोर्डवर, म्हणजे आखणीतल्या वेगळ्या चौकटीत, ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढाच बदलता येतो.

आधी संहिता, मग सॉफ्टवेअर

स्टोरीबोर्डर उघडलं की हात लगेच चित्राकडे जातो. तो मोह आवरा. समजावणीच्या मराठी निवेदनाचा वेग मिनिटाला साधारण 110 शब्द धरावा. त्यात परकी नावं, आकडे, संज्ञा आल्या की तो आणखी खाली येतो. म्हणजे नव्वद सेकंदांना फार तर 165 शब्द. पहिला खर्डा हमखास तीनशेच्या घरात जातो, कारण ‘जीबिफ म्हणजे काय’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात: नोंद तिथे पोचते कशी, नकाशावरच्या ठिपक्याचा अर्थ काय, आणि माहिती उतरवून घेतल्यावर श्रेय कोणाला व कसं द्यायचं. हे तिन्ही एका फिल्ममध्ये कोंबले की प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. तीन फिल्म करा, तीन वेगळ्या फाइली.

नवीन फाइल करताना पडद्याचं प्रमाण विचारलं जातं. हा प्रश्न घाईत उडवून लावू नका, कारण नंतर ते बदलायची सोय मेनूत नाही. यूट्यूबसाठी आडवं 16:9. ‘हेच कापून रील करू’ असं ठरवलं असेल, तर आधी गणित मांडा: आडव्या चौकटीतून पूर्ण उंचीची 9:16 उभी चौकट कापली, तर मूळ रुंदीच्या जेमतेम 32 टक्के उरते. माहितीच्या जाळ्याचं चित्र स्वभावतःच डावीकडून उजवीकडे वाहतं: फोन, प्रकल्प, जीबिफ, संशोधक. उभ्या कापात त्यातले दोन टप्पे पडद्याबाहेर जातात. उभी आवृत्ती हवीच असेल तर वेगळी फाइल करून तोच प्रवाह वरून खाली मांडा. एकाच बोर्डमध्ये दोन्ही बसवायला जाल तर दोन्ही बिघडतील.

पटकथा थेट आयात करण्याची सोय आहे, फाउंटन या साध्या मजकुराच्या पद्धतीत. मराठीला तिचा उपयोग थोडाच. फाउंटनमध्ये पात्राचं नाव ओळखलं जातं ते सगळी अक्षरं मोठ्या (कॅपिटल) लिपीत असल्यावरून. देवनागरीत मोठी-लहान लिपी हा प्रकारच नाही. दृश्याचं शीर्षक ओळखायचे ठराविक शब्दही इंग्रजीच. नियमांत पळवाट आहे, ओळीच्या आधी पूर्णविराम दिला की ते शीर्षक आणि ॲट चिन्ह दिलं की ते पात्र. पण एकट्या निवेदकाच्या दीड मिनिटाच्या फिल्मसाठी एवढा खटाटोप कशाला? रिकामी फाइल उघडा आणि निवेदनाचं एकेक वाक्य त्या त्या बोर्डच्या संवादाच्या रकान्यात चिकटवा.

बोर्ड आणि सेकंद

इथे सॉफ्टवेअर आपले पैसे वसूल करतं. (पैसे दिलेलेच नाहीत, तरी.) प्रत्येक नव्या बोर्डला आपोआप दोन सेकंद मिळतात, आणि ती वेळ मिलिसेकंदांत किंवा फ्रेममध्ये बदलता येते. प्रत्येक बोर्डला आवाजाची फाइल जोडता येते आणि ती पुढच्या बोर्डांवरही चालू राहते. म्हणून काम असं करा: आधी फोनवरच, घरगुती आवाजात, पूर्ण निवेदन एका दमात रेकॉर्ड करा. ती फाइल पहिल्या बोर्डला जोडा. मग रिकामे बोर्ड घालत जा आणि प्रत्येकाची वेळ वाक्याला जुळवा. चित्र एकही नाही, तरी फिल्म किती लांब आहे आणि कुठे रेंगाळते ते ऐकू येतं.

नव्वद सेकंदांना साधारण तीस बोर्ड पुरतात. त्याहून कमी असले तर बहुधा एकेका चित्रावर सात-आठ सेकंद नुसतं बोलणं चालू असतं. चाळिशीच्या पुढे गेले तर ॲनिमेटरचं काम आणि खर्च दोन्ही हाताबाहेर जातात. पडद्यावर मराठी शब्द येणार असतील, तर चार शब्दांच्या ओळीला किमान अडीच सेकंद द्या, आणि त्याच वेळी निवेदकाला वेगळं वाक्य बोलायला लावू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक विज्ञान-फिल्ममध्ये दिसते: कान एक ऐकतो, डोळा दुसरंच वाचतो, आणि डोक्यात दोन्हीतलं काही उरत नाही.

नवीन बोर्डला एन ही कळ, नक्कल करायला डी. माहितीच्या प्रवासाच्या फिल्ममध्ये नक्कल हेच मुख्य हत्यार. तेच चित्र, फक्त बाण पुढे सरकलेला. ओनियन स्किन चालू केलं की मागचा बोर्ड पुसट दिसतो, त्यामुळे बाण उडी मारत नाही.

बाण खोटं बोलतात

आता मुख्य गोष्ट. अशा ॲनिमेशनमध्ये चित्र वाईट असल्याने नुकसान होत नाही. बाण चुकीचा असल्याने होतं. सगळीकडून बाण मधल्या ढगात जातात, ढग चमकतो, संपलं. हे चित्र जीबिफच्या बाबतीत दिशाभूल करणारं आहे. नोंदींचा मूळ संच प्रकाशकाकडेच, म्हणजे त्या खुल्या करणाऱ्या संस्थेकडेच, राहतो; जीबिफ त्याची प्रत वाचून तिची शोधता येईल अशी सूची करतं. त्यामुळे बाण निघाल्यावर प्रकाशकाच्या चौकटीतली पेटी रिकामी दिसता कामा नये. आणि चूक सापडली तर ती जीबिफमध्ये बसून कोणी खोडत नाही. ती मूळ प्रकाशकाला कळवायची, त्याने सुधारायची, मग नवी प्रत वाचली जाते. म्हणजे एक परतीचा बाण हवाच. परतीचा बाण नसलेला स्टोरीबोर्ड तिथेच थांबवा आणि पुन्हा आखा. स्टोरीबोर्डरमध्ये हे करायला काही मिनिटं लागतात. ॲनिमेशन सुरू झाल्यावर हीच दुरुस्ती दिवस खाते.

पहिल्या फिल्मसाठी भीमाशंकरच्या शेकरूची एक नोंद घ्या. फोनवर फोटो, आयनॅचरलिस्टवर चढवला. तारीख आहे, ठिकाण आहे, फोटो आहे, आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जण जातीच्या नावावर सहमत झाले, की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. एवढ्याने ती जीबिफला जात नाही. परवानाही खुला (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सीसी) लागतो: सीसी झिरो, सीसी बाय (श्रेय देऊन वापरा) किंवा सीसी बाय-एनसी (श्रेय देऊन, पण व्यापारी वापर नको). सर्व हक्क राखीव असतील तर तिथेच थांबते. हा अडलेला बोर्ड मुद्दाम ठेवा, दोन सेकंद. प्रेक्षकांमधला जो आयनॅचरलिस्ट वापरतो तो नेमका इथे दचकतो आणि आपली सेटिंग बघायला जातो.

पुढचा टप्पा डार्विन कोअरचा. जैवविविधतेच्या नोंदी कशा मांडायच्या याचं हे मानक टीडीडब्ल्यूजी या संस्थेने 2009 मध्ये मंजूर केलं. त्यात रकान्यांची नावं ठरलेली आहेत. आढळाच्या नोंदीला चार रकाने अनिवार्य: नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, नोंदीचा आधार (जतन केलेला नमुना, माणसाने पाहिलेलं, यंत्राने टिपलेलं वगैरे), शास्त्रीय नाव आणि तारीख. अक्षांश-रेखांश, देशाचा संकेत, ठिकाणाची अनिश्चितता मीटरमध्ये, हे सगळं अनिवार्य नाही, पण नसलं तर नोंद जवळपास निकामी. पडद्यावर सगळे रकाने दाखवू नका. पाच ओळींचं एक कार्ड पुरतं. तारखेच्या ओळीत आधी 05/06/2019 लिहा, मग ती मोडून 2019-06-05 करा. पाच जून की सहा मे, हा प्रश्न निवेदनाशिवाय कळतो.

या फिल्ममधला सगळ्यात बोलका बोर्ड अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीचा. भीमाशंकर साधारण 19.07 उत्तर, 73.54 पूर्व. आकडे उलटे भरले तर ठिपका 73.54 उत्तर, 19.07 पूर्व इथे पडतो, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रात. शेकरू बर्फाळ पाण्यात. चार सेकंदांचा बोर्ड, प्रेक्षक हसतो, आणि मुद्दा लक्षात राहतो. मात्र फिल्म इथेच थांबली तर अर्धसत्य सांगते. नोंदीत देश भारत असा भरलेला असेल तर जीबिफची यंत्रणा ताडून पाहते, आकडे उलटे झालेले असावेत असा शेरा मारते आणि नकाशावर ठिपका जागेवर आणते. देशाचा रकाना रिकामा असेल तर शेकरू समुद्रातच राहतो. म्हणजे विनोदाच्या पुढच्या बोर्डवर देशाचा रकाना दाखवा. दोन्ही आकडे शून्य भरले तर ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. तोही हवा तर घ्या, पण एका फिल्ममध्ये एकच विनोद पुरे.

नावांचाही असाच घोळ असतो. शिंदळ माकुडी ही आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरची वनस्पती, तिचं जुनं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. काही वर्गीकरणांत ती आता बुसेरोसिया फ्रेरी आहे. जीबिफ प्रकाशकाने दिलेलं मूळ नाव पुसत नाही, आपल्या नामसूचीशी जुळवून लावलेलं नाव सोबत दाखवतं. बोर्डवर दोन पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवा. एक खोडून दुसरी लिहिल्याचं दाखवलंत तर चूक.

जिथे सॉफ्टवेअर कमी पडतं

चित्रफलकावर मजकूर लिहायचं साधन नाही. चौकोन, वर्तुळ, सरळ बाण यांचीही तयार साधनं नाहीत. पेन्सिल, शाई, ब्रश, छटा, खोडरबर, टिपणाचं पेन एवढंच. सिनेमाच्या आखणीला ते पुरेसं. पण जाळ्याच्या चित्रात पेट्या आणि बाणच जास्त असतात. माऊसने काढलेले बोर्ड कोणालाही दाखवण्याच्या लायकीचे होत नाहीत. पेन टॅब्लेट हवा.

तो नसेल तर एक झकास सोय आहे: वर्कशीट. किती ओळी, किती रकाने हवेत ते ठरवून ए-फोर कागदावर रिकाम्या चौकटी छापा. पट्टी आणि पेनने बाण काढा, देवनागरी सुवाच्य अक्षरात लिहा, मग कागदाचा फोटो किंवा स्कॅन परत आत घ्या. कागदावरच्या क्यूआर कोडवरून सॉफ्टवेअर पान ओळखतं आणि चौकटी कापून प्रत्येक चित्र वेगळ्या बोर्डला लावतं. फोटो काढताना कागद टेबलावर सपाट ठेवा, चारही कोपरे आत येऊ द्या आणि स्वतःची सावली पडू देऊ नका. घडी पडलेला किंवा तिरका आलेला कागद चौकटी वाकड्या कापतो. पेन्सिलीच्या फिक्या रेषा फोटोत उडतात, तेव्हा काळं जेल पेन घ्या. शाळेतल्या शिक्षकांबरोबर किंवा वनखात्यातल्या लोकांबरोबर आखणी करायची असेल तर हाच मार्ग उत्तम, कारण कागदावर कोणीही खोडाखोड करायला लाजत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बोर्ड बाहेरच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिथे मजकूर टाकणं. फोटोशॉप किंवा कृता सेटिंगमध्ये लावता येतं. फाइल पीएसडी होऊन जाते आणि जतन केली की बदल परत येतात. थरांची नावं आणि फलकाचा आकार मात्र आहे तसाच ठेवा.

संवादाच्या रकान्यात देवनागरी सहज लिहिता येतं. पण पीडीएफ काढण्याआधी एक चाचणी बोर्ड करा: ‘स्थिती, क्षेत्र, नोंद, वर्गीकरण’ एवढं लिहून तेवढ्याचीच पीडीएफ काढा आणि ऱ्हस्व वेलांटी, क्ष आणि रफार तपासा. त्यातलं एकही तुटलं असेल तर पीडीएफचा नाद सोडा. बोर्डांची चित्रं वेगळी निर्यात करा आणि लिबर ऑफिसच्या तक्त्यात शेजारी निवेदन चिकटवा. तज्ज्ञांकडे तपासायला पाठवायला तसाही तोच तक्ता बरा पडतो, कारण त्यात ‘तथ्य बरोबर आहे का’ असा तिसरा रकाना वाढवता येतो.

शॉट जनरेटर नावाचा त्रिमितीचा भाग आहे, माणसांचे पुतळे हवे तसे उभे करून कॅमेरा लावता येतो. या कामाला त्याचा उपयोग शून्य. वेळ घालवायला मात्र फार छान.

नकाशा आणि फोटो

हे दोन मुद्दे आखणीच्या टप्प्यावरच निकाली काढावेत. जीबिफच्या नकाशाचा स्क्रीनशॉट भारतीय प्रेक्षकांच्या फिल्ममध्ये तसाच टाकू नका. परदेशी नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलजवळच्या सीमा वेगळ्या किंवा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणारी बाह्यरेषा घेऊन त्यावर ठिपके टाका. फिल्म सरकारी कार्यालयात दाखवायची असेल तर पहिला आक्षेप इथेच येतो.

फोटोंबाबत: नोंदीचा परवाना आणि फोटोचा परवाना वेगवेगळे असू शकतात. सीसी बाय-एनसी फोटो जाहिराती चालू असलेल्या वाहिनीवर वापरणं वादाचं आहे. आखणीतच रेखाचित्र ठरवा, किंवा फायलोपिक या संकेतस्थळावरच्या प्राण्यांच्या छायाकृती घ्या. त्यांचाही प्रत्येकीचा परवाना वाचून.

दुसऱ्या फिल्ममध्ये, ठिपक्यांच्या, दोन वाक्यं कुठल्याही परिस्थितीत कापू नका. एक: जिथे ठिपका नाही तिथे प्राणी नाही असं नव्हे, तिथे बहुधा कोणी पाहिलेलं नाही. जीबिफमधला सर्वांत मोठा संच ई-बर्डचा आहे, त्यामुळे नकाशावर पक्षी जिकडे तिकडे आणि गोगलगायी जवळपास गायब. दोन: धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट झाकतं आणि ठिपका 0.2 अंश बाजूच्या चौकोनात कुठेतरी टाकतं. उत्तर-दक्षिण अंतरात ते सुमारे 22 किलोमीटर होतं. बोर्डवर ठिपक्याऐवजी पसरट चौकोन काढा.

तिसरी फिल्म छोटी, पाऊण मिनिटाची. जीबिफवरून माहिती उतरवली की त्या उताऱ्याला स्वतःचा डीओआय, म्हणजे संदर्भात देता येणारा कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. शोधनिबंधात तो दिला की श्रेय त्यातल्या प्रत्येक संचाच्या प्रकाशकापर्यंत जातं. बारा-चौदा बोर्डांत बसतं.

निर्यात, आणि पर्याय

आखणी झाली की ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्ड आणि आवाज वेळेनुसार जोडलेला कच्चा नमुना, व्हिडिओ म्हणून काढता येतो, शिवाय प्रीमियर आणि फायनल कट या संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठी एक्सएमएल फाइल मिळते. त्यात प्रत्येक बोर्ड आपल्या वेळेसह टाइमलाइनवर येऊन बसतो, म्हणून ॲनिमेटरला चित्रं एकेक करून बदलत जाता येतं. फ्रेमचा वेग आधीच ठरवा. आखणी 24 वर आणि संपादन 25 वर झालं तर आवाज हळूहळू सरकतो.

स्टोरीबोर्डरची फाइल एकटी कधी पाठवू नका. ती साध्या मजकुराची असते. चित्रं शेजारच्या इमेजेस फोल्डरमध्ये पीएनजी म्हणून असतात. व्हॉट्सॲपवर फक्त फाइल पाठवली तर समोरच्याला कोरे बोर्ड दिसतात. पूर्ण फोल्डर झिप करा, आतल्या चित्रांची नावं बदलू नका.

गेल्या काही वर्षांत याची नवी मोठी आवृत्ती आलेली नाही, ही बाब मोठ्या संस्थेने ध्यानात घ्यावी. पर्याय म्हणून कृता बघण्यासारखं आहे, 5.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 च्या अखेरीपासून, त्यात स्टोरीबोर्डची पट्टी आली आहे आणि मजकुराचं साधनही आहे. चित्र तिथे सुरेख होतं, पण बोर्डांची वेळ बसवताना स्टोरीबोर्डरसारखा वेग येत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर शिकायलाच महिने जातात, दीड मिनिटाच्या फिल्मसाठी कोणी त्या वाटेला जाऊ नये. तेव्हा हाती कागद, पेन आणि फोन असलेल्या छोट्या गटाने स्टोरीबोर्डरच घ्यावं. रोज पाचपन्नास फलकांवर मराठी लेबलं घालणाऱ्या स्टुडिओने कृता.